पायाळूचा गुण

धुरीवाडा, मालवण
ता. ४ ऑगस्ट १९६१

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणून कागद बदलला नाही.

इकडे पाऊस. आई बरी आहे. आपली धाकटी शेवंती आहे तशीच आहे, पाठीवर. तुझी प्रकृती विचारायची पद्धत असते, पण ती तू न विचारताच कळवलीस. 'मी ठणठणीत, कणा वेळूसारखा सरळ.' वेळू आतून पोकळ असतो, दादा.

हे पत्र मी मालवणीत लिहीत नाही. मालवणीत तुझ्यावर रागावता येत नाही, दोन वाक्यं झाली की हसू येतं. म्हणून शाळेत पोरींना शिकवते ती भाषा वापरते. शुद्ध, कोरडी.

तू पत्र आईच्या नावाने पाठवलंस. आईला वाचता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणजे वाचणार मीच हेही माहीत होतं. 'चतुर्थीला येतो. त्या लोकांनी पोरीला चुन्याच्या पिंजऱ्यात घालून तिची शक्ती कोंडली आहे. प्लास्टर कापून ठेवा, नाहीतर मी आल्यावर कापू. दोन बैठकांत चालती करतो.' मी सगळं मोठ्याने वाचलं. गाळता आलं असतं. गाळलं नाही, कारण मग तुझ्यात नि माझ्यात फरक काय राहिला? आई पदराने डोळे पुसत म्हणाली, ''बघ, माजो झील येता.'' शेवंती छताकडे बघत होती. ती दुसरीकडे कुठे बघू शकतच नाही.

माझं उत्तर एवढंच. प्लास्टर कापायचं नाही. तू नाही, आई नाही, कुणी नाही. इथे थांबता आलं असतं. पण तू मला ओळखतोस.

तू पायांकडून जन्मलास, यात तुझं कर्तृत्व काय? सुईण घाबरली, आई दीड दिवस ओरडली, आणि तू उलटा बाहेर आलास. झालं, पायाळू. उसण भरलेल्या पाठीवर पायाळू माणसाने लाथ मारली की उसण उतरते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तू सात वर्षांचा असल्यापासून आपल्या दारच्या खळ्यात लोक पालथे पडायचे. आचऱ्याहून यायचे, कट्ट्याहून यायचे. मामलेदार कचेरीतल्या हेडक्लार्कला तू लाथ मारलीस, आणि त्यानं तुला वाकून नमस्कार करून नारळ दिला. सगळेच नारळ द्यायचे. आपल्या घरची सोलकढी तुझ्या डाव्या पायावर चालली, हे मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे आणि त्या लोळून हसायच्या.

तेव्हा कुणाचं बिघडलं नाही. उसण आपोआप उतरते, आणि सात वर्षांच्या पोराच्या लाथेने कोण मरतं? त्या वयात जग तुझ्यासमोर पालथं पडत होतं, ते तुझ्या डोक्यात बसलं. उतरलंच नाही.

मग मुंबई, गिरणीतली नोकरी. मग तो अमेरिकेहून आलेला माणूस, ज्याच्या टेबलावर तारेत ओवलेला अख्खा कणा होता. तू लिहिलं होतंस, 'नमू, मी लहानपणापासून जे पायाने करत आलो त्याला तिकडे शास्त्र म्हणतात.' कायरोप्रॅक्टिक. आईच्या तोंडात तो शब्द बसत नाही, ती 'करोपाटी' म्हणते, आणि सुटल्यासारखी हसते. झिलाचं शास्त्र झालं ना. एका पावसाळ्यात तू ते शिकलास आणि दारावर पाटी लावलीस. डॉ. गुरुदास मसुरकर. डॉक्टर कधी झालास ते मी विचारलं नव्हतं. आता विचारते.

गेल्या शिमग्याला तू आलास तो छापील कागदांचा गठ्ठा घेऊनच. 'कणा सरळ तर रोग विरळ.' बाजारात वाटलेस. पुन्हा आपलं खळं भरलं. मेंदूतून शक्ती निघते, कण्यातून उतरते, मणका सरकला की नळी चेपते आणि शक्ती अडते, मग हिवताप, विषमज्वर, देवी, जो येईल तो पाहुणा आत. मणका बसवा, शक्ती मोकळी, पाहुणा बाहेर. अमेरिकेत म्हणे मोठ्या साथीत मणके बसवून घेतलेली माणसं मेली नाहीत. मी विचारलं, कुणी मोजली होती? तू म्हणालास, ''नमू शिकली खरी, पण मान आखडली.'' लोक हसले. मग तू माझी मान दोन्ही हातांत धरलीस, कट् झालं, आणि मान खरंच हलकी झाली. हे मी नाकारत नाही, माझ्याकडून लेखी घे. मान हलकी झाली. पण त्याच आठवड्यात मला पडसं आलं आणि ते नेहमीएवढंच टिकलं.

आणि शेवंती. तिला मार्गशीर्षापासून रोज संध्याकाळी बारीक ताप. पाठीत एकाच जागी दुखायचं. खाली पडलेला नारळ उचलायला ती वाकायची नाही, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसायची. पाठीवर चण्याएवढा उंचवटा आला होता. तू त्यावर अंगठा ठेवलास आणि खळ्यातल्या लोकांना सांगितलंस, हाच तो सरकलेला मणका, हा बसवला की ताप गेला म्हणून समजा. पोरीला पालथी घातलीस, गुडघा लावलास.

तो आवाज माझ्या मानेचा नव्हता. ओली फांदी मोडते तसा होता. शेवंती ओरडली नाही. घामाने भिजली, उठून बसली, आणि तुझ्याकडे बघून हसली. तू खूश व्हावास म्हणून हसली. आईने तुझ्यावरून तांदूळ ओवाळून टाकले.

त्याच संध्याकाळी तू जास्वंदीमागे उभा होतास. ते नंतर लिहीन. किंवा लिहिणार नाही.

तू गेलास. चैत्रात तिच्या पायातून चप्पल गळायला लागली. गळलेली तिला कळायची नाही, एक चप्पल घालून अख्खं घर फिरायची आणि आम्ही तिची थट्टा करायचो. मग भिंत धरून चालायला लागली. आईने माझ्याकडून तुला कार्ड लिहवून घेतलं. तुझं उत्तर माझ्याकडे आहे, पण उतरवून काढायची गरज नाही, तुला पाठ असेल. शक्ती परत वाहायला लागली की आधी असंच होतं, हा उलटा टप्पा, घाबरू नका. त्या कार्डावर आईने महिना काढला. वैशाखात एका सकाळी शेवंती उठायला गेली आणि पाय तिच्याबरोबर आले नाहीत.

उत्तर मला लिही. आईला नको.

नर्मदा


धुरीवाडा, मालवण
ता. २५ ऑगस्ट १९६१

दादा,

उत्तर आलं, आईच्याच नावाने. ठीक आहे. आईला लिहिलेल्या पत्राचं उत्तर मी देते आहे, तुझी रीत मला जमते.

तू लिहितोस, 'नमूने कोल्हापुरात चार बुकं वाचली, तिला वाटतं रोग बुकातून येतो.' छान आहे. खळ्यात म्हटलं असतंस तर लोक हसले असते. इथे आम्ही दोघीच होतो, मी आणि शेवंती. शेवंती थोडी हसली, खरं सांगते. तिला अजून तुझ्या बोलण्यावर हसू येतं. याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग येतो.

तू मिरजेच्या इस्पितळात आला नाहीस, म्हणून तिकडचं ऐक.

तिला नेणार कशी? एस.टी.त बसवता येत नव्हतं. शेजारचा बाबली आंब्याच्या पेट्या घेऊन ट्रकने कोल्हापूर, मिरजेला जायचा. त्यानं पेट्या एका बाजूला रचल्या, दुसऱ्या बाजूला पेंढा घातला, त्यावर शेवंती, बाजूला मी आणि आई. फोंडाघाट चढताना मी प्रत्येक वळणाला देवाचं नाव घेत होते, कॉलेजात सोडलेल्या देवाचं. बाबली गाडी थांबवून मागे आला आणि म्हणाला, ''गो बाय, हापूसच्या पेटयेक धक्को लागाक देणंय नाय मी, ही तर आपला चेडू.'' शेवंती म्हणाली, ''माका पेंढ्यात पिकत घातल्यानी.'' सतरा वर्षांची पोर. कमरेखाली काही कळत नाही, आणि विनोद करते. हे तुझ्याकडून आलंय तिच्यात.

मिरजेच्या डॉक्टरांनी पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मला म्हणाले, ''तुम्ही शिकलेल्या दिसता, बघा.'' बघितलं. मण्यांची माळ असावी आणि मधले दोन मणी वाळवीने खाल्लेले असावेत तसं. एक मागे ढकललेला. पाठीवरचा तो चण्याएवढा उंचवटा, तुझा सरकलेला मणका, तो हा. तो सरकला नव्हता, दादा. कुजला होता. मणक्याचा क्षय.

कुणी दाबलं का म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते रागावले नाहीत, पेन खाली ठेवलं फक्त. मग तुझंच शास्त्र मी त्यांना विचारलं, कारण मला ते कुणालातरी विचारायचंच होतं. शरीरात रोगाशी झगडणारी शक्ती असते का? म्हणाले, ''असते. तीच झगडते आहे तुमच्या बहिणीत. औषधाने आपण तिला मदत करतो, प्लास्टरने स्वस्थता देतो. पण कणा म्हणजे पाण्याचा नळ नव्हे, पिळला की धार लागायला.'' एवढं एक वाक्य मी तुझ्यासाठी आणलं. घे. प्रतिकारशक्ती नाही असं कुणीच म्हणत नाही. तिची किल्ली तुझ्या अंगठ्याखाली आहे, हे तुला कुणी सांगितलं?

मग त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली.

ती राहू दे. आधी इथलं सांगते.

इथे प्लास्टरचा अर्धा साचा आहे, होडीसारखा. ती त्यात निजते, वरून प्लास्टरच्याच पट्ट्या बांधलेल्या. पाठ हलता कामा नये. कंपाउंडर रोज येऊन सुई देतो. कडू पूड गिळायची असते, ती गिळली की तिला उलटी येते आणि पाठ न हलवता उलटी करायची असते. ही विद्या आता तिला जमते. असं अजून बरेच महिने चालायचं आहे.

तू तिच्या पिंजऱ्याबद्दल लिहिलंस ना, त्या पिंजऱ्यातून तिचा एक हात बाहेर येतो आणि ती माझ्या शाळेच्या वह्या तपासते. पोरींना कळतं. 'बाय, माझी वही शेवंतीताईकडे द्या, ती चार मार्क जास्त देते.'

गेल्या सोमवारी मी शाळेतून येत होते तर बाबलीने रस्त्यात गाठलं. इकडे तिकडे बघून विचारतो, ''काकीन माज्याकडे पत्रो कापूची कात्री मागल्यान. मी दिलंय. पण गो, तुमचा घर कौलारू. तुमच्या घराक पत्रो खंय आसा?''

मी पळतच घरी गेले. कात्री देव्हाऱ्यामागे होती, फडक्यात गुंडाळलेली, फडक्यावर कुंकू लावलेलं. आईने तिची पूजा केली होती, दादा.

आम्ही भांडलो. शेवंतीसमोर, कारण तिला दुसरीकडे नेता येत नाही. आई म्हणाली, ''तो पायाळू आसा. तुज्या डॉक्टराक पाय आसत, गुण नाय.'' मी म्हटलं, पायात गुण घालताना देव डोक्यात घालायला विसरला. आईने माझ्या तोंडावर मारलं. लहानपणानंतर पहिल्यांदा. मग स्वतःच रडत बसली आणि सांगायला लागली की सावंतवाडीचं स्थळ चतुर्थीला घर बघायला येतंय, तुझ्यासाठी, आणि घरात पोर अशी पडलेली बघून ते काय म्हणतील. गुरू चालती करतो म्हणतो तर करू दे. चतुर्थीच्या आत.

म्हणजे तुझं लग्न ठरतंय. मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलीचं नाव सीता असं आईच्या बोलण्यातून कळलं.

आता ते मिरजेचं. डॉक्टरांनी विचारलं होतं, ''घरात कुणाला खोकला आहे का? आता, किंवा पूर्वी?'' मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, ''कोण खोकणा नाय.'' फार भरभर म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं.

का विचारलं असेल, सांग बरं? तू तर शास्त्र शिकलास.

कात्री मी शाळेत नेली. नकाशांच्या कपाटात आहे, कुलपात. बाबलीला सांगितलं, तुला पत्रा कापायचा असला की शाळेत ये. तो म्हणाला, ''माका नको. असूंदे थंयच.''

चतुर्थीचं तुझं येणं अजून कायम आहे का, ते कळव.

नर्मदा


धुरीवाडा, मालवण
ता. ६ सप्टेंबर १९६१

दादा,

कार्ड मिळालं. या वेळी माझ्या नावाने. 'येतो आहे. समोरासमोर बोलू. तुझा राग मी उतरवतो.' उसण उतरवल्यासारखा.

ऐक. मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी शेवंतीच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. मी पाय पुसत होते. वाटलं माझ्याच हाताने हलला. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, परत कर. तिने डोळे मिटले, दात आवळले, आणि तो हलला. एवढासा. आईने देवापुढे साखर ठेवली आणि वाडीभर सांगत सुटली. काय सांगितलं असेल? ''माज्या गुरूच्या हाताचो गुण. उशिरा इलो, पण इलो.''

मला वाटलं होतं त्या क्षणी मी किंचाळेन. किंचाळले नाही. साखर खाल्ली.

दुपारी आई देवळात गेली. मी शेवंतीचे केस विंचरत होते. तिचं डोकं साच्याच्या बाहेर येतं तेवढं, उशीवरून खाली सोडते आणि विंचरते. ती म्हणाली, ''नमू, ह्या सुयेन माका बरा वाटता तर ही सुई त्याका पण दी मा गो.''

मी म्हटलं, कोणाक?

''दादाक. त्याका पण ह्याच आसा.''

माझा हात थांबला. ती थांबली नाही. इतके दिवस धरून ठेवलेलं ती एकदम बोलत गेली, छताकडे बघत. दोन वर्षांमागे तू पावसाळाभर घरी येऊन राहिलास, गिरणीतल्या कापसाने खोकला झाला म्हणून. मी तेव्हा कोल्हापूरला होते. तुझं सगळं शेवंती करायची. तुझ्या ताटातली उरलेली पेज ती खायची, तुला बांगडा सोलून द्यायची आणि उरला तर काटे चोखायची, लहानपणापासून तसंच. तुझे रुमाल ती विहिरीवर राखेने धुवायची, आईला दिसायच्या आधी. त्यावर काय होतं ते तिला कळत होतं. तू तिला शपथ घातली होतीस की सांगितलंस तर माझी नोकरी जाईल. पंधरा वर्षांची पोर. तिने नाही सांगितलं. पाठ दुखायला लागली तरी नाही, पाय गेले तरी नाही, मिरजेला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा स्ट्रेचरवर पडून ती ऐकत होती, तरी नाही.

आता ते जास्वंदीमागचं लिहिते. शिमग्याला, तिची पाठ मोडून झाल्यावर, तू तिथे वाकून खोकलास, थुंकलास, आणि पायाने माती सारलीस. डाव्या पायाने, गुणाच्या. मी पडवीतून बघत होते. तू गेल्यावर मी जाऊन बघितलं. पण आपली माती मुळातच तांबडी. तिच्यात काय दिसणार?

आईलाही ठाऊक आहे. म्हणून तर तिने घाई केली होती उत्तर द्यायची. घरात तीन बायका, तिघींना माहीत, आणि तिघी एकमेकींपासून लपवतोय. तू फक्त अमेरिकेहून आलेल्या माणसाकडे गेलास, त्यानं तुझा कणा मोडला-जोडला, त्याच सुमारास खोकला थोडा बसला, आणि तू ठरवलंस की तू बरा झालास. ठरवणं भाग होतं. नाहीतर फोटो काढायला लागला असता, रांगेत उभं राहायला लागलं असतं, खोलीतल्या गावकऱ्यांनी तुझी वळकटी बाहेर ठेवली असती. मला हे सगळं कळतं. तू लबाड नाहीस. तू घाबरलेला आहेस. पण घाबरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या पाठीला हात लावू नये. आपली भीती खरी नाही हे स्वतःला पटवायला तू तिच्या पाठीवर गुडघा ठेवलास. ती चालती झाली असती तर तूही बरा ठरला असतास. म्हणून तुला आता प्लास्टर कापायचं आहे. तिच्यासाठी नाही.

आणि हे करताना तू हसत होतास. ते मी विसरत नाही. विसरणार नाही.

मी काय केलं ते सांगते, मागाहून दुसऱ्याकडून कळायला नको. मिरजेच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. घरात खोकणारं माणूस आहे, त्याचं नाव गुरुदास, तो मुंबईला असतो, लोकांच्या पाठीवर वाकून श्वास सोडतो, असं सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. छातीचा फोटो काढायचा. थुंकी तपासायची. खोलीत तुझ्याबरोबर निजतात त्या सगळ्यांची. आमच्या दोघींचेही फोटो काढायचे आहेत, बाबली नेतो म्हणालाय. तुझी पाटी काढून ठेवायची. मुंबईत हे सगळं फुकट होतं असंही त्यांनी कळवलंय, तेव्हा ती सबब नाही. रोग औषधाने बरा होतो, असंही आहे पत्रात. ते वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

मग ती म्हणाली, ''सावंतवाडीक काय सांगतलस?'' मी म्हटलं, खरं सांगीन. तिने या वेळी मला मारलं नाही. आत गेली आणि तुझी ताट-वाटी वेगळी काढून फळीवर उलटी ठेवली. मी सांगितलं नव्हतं.

सावंतवाडीला पत्र गेलंय. त्या सीतेने माझं काही वाकडं केलेलं नाही. तिची पाठ तरी सरळ राहू दे.

आपला पाट नागपंचमीला गणपतीच्या शाळेत मूर्ती घडवायला दिलाय, तुझ्या नावाने. दरवर्षी तू बोटीतून उतरून पिशवी ठेवायचास आणि तसाच शाळेत जायचास गणपती आणायला. या वर्षी मी आणीन. आई म्हणते, बायकांनी आणत नाहीत. बाबली म्हणाला, ''डोक्यार मी घेतंय, तू हात लाव, मगे कोण काय म्हणता बघू.'' शेवंतीच्या खोलीचं दार काढून ठेवणार आहोत, तिला पडल्यापडल्या आरती ऐकू यावी म्हणून. आरतीत तुझा आवाज नसेल. दुसऱ्या कडव्याला तू नेहमी चुकतोस आणि सगळे तुझ्याबरोबर चुकतात. यंदा बरोबर म्हणू.

तुझा कणा सरळ आहे, दादा. मला माहीत आहे. तो कधीच वाकडा नव्हता.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. मी लिहीत नाही. पुढचं मालवणीत लिहितंय. आता हसाक येणा नाय.

चतुर्थीक येव नको. दाराशी इलंस तर दार उघडूचंय नाय मी, आवशीक पण उघडूक देवचंय नाय. फोटो काढ. सुई घे. कडू पूड गीळ, उलटी इली तरी गीळ, शेवंती गिळता.

येव नको. जितो रव.

नमू